अकरावा महिना: सुवॉनमधल्या एका इंग्रजी शिक्षिकेचा शेवटचा हिशेब

कोरियात इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी माणसाचे पैसे बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडकतात. एक, नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम. दोन, निवृत्तिवेतन निधीचा परतावा. दोन्हींचा निकाल कागदांवर आणि तारखांवर लागतो, आणि त्या तारखा माणूस बॅग भरायला घेतो त्याच्या बऱ्याच आधी येऊन जातात. खालचं प्रकरण अनेक सारख्या प्रकरणांवरून एकत्र बेतलेलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, नियम २०२४-२५ सालचे.

शिक्षिका मूळची नाशिकची, वाढली टोरोंटोत, पासपोर्ट कॅनडाचा. पासपोर्टला इथे फार महत्त्व आहे. इंग्रजी संभाषण शिकवण्याचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने एक वेगळं दार उघडलं आहे. त्यातून शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाता येतं, पण पदवीबरोबर शिक्षकाची पात्रताही लागते. नाशिकहून थेट जाणाऱ्याने ‘तिकडे इंग्रजी येणाऱ्या कुणालाही घेतात’ असं सांगणाऱ्या एजंटाला पहिल्याच भेटीत रामराम करावा.

नोकरी सुवॉनमधल्या एका हागवॉनमध्ये. हागवॉन म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं जातात तो खासगी क्लास. त्याच्या संचालकाला वॉनजांग म्हणतात, आणि लहान हागवॉनमध्ये बहुधा तोच मालक असतो. वेळ दुपारी १२ ते रात्री ९, मध्ये जेवणाचा एक तास, आठवड्याला ४० तास. पगार महिन्याला २४ लाख वॉन, राहायला मालकाने भाड्याने घेतलेली एक खोली. करार १ मार्च २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५. व्हिसा ३१ मार्च २०२५ पर्यंत.

पगाराच्या चिठ्ठीवरचे ३.३ टक्के

पहिल्या पगारातून ७९,२०० वॉन कापले गेले आणि हातात २३,२०,८०० आले. शिक्षिका खूश, कारण इतर ठिकाणी काम करणाऱ्या मैत्रिणींचे याहून जास्त कापले जात होते. गडबड तिथेच होती. ३.३ टक्के ही स्वतंत्र व्यावसायिकाकडून कापायची रक्कम आहे: ३ टक्के आयकर आणि ०.३ टक्के स्थानिक कर. मालकाने तिला नोकर म्हणून दाखवलंच नव्हतं.

नोकर म्हणून दाखवलं असतं तर २४ लाखांवर दरमहा निवृत्तिवेतनाचे ४.५ टक्के म्हणजे १,०८,००० वॉन, आरोग्य विम्याचे ३.५४५ टक्के म्हणजे ८५,०८०, आणि त्या विम्यावर दीर्घकालीन शुश्रूषेचे सुमारे ११,००० कापले गेले असते. आयकर वेगळा. निवृत्तिवेतन आणि विम्याची तेवढीच रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. वर्षाचे होतात साडेचोवीस लाख वॉनच्या आसपास. त्यात नोकरी संपतानाची रक्कम मिळवली तर एका शिक्षकामागे मालक वर्षाला पन्नास लाखांहून जास्त वाचवतो. शिक्षकाला महिन्याला लाखभर जास्त मिळतात म्हणून तो गप्प राहतो, आणि मालकाचा सगळा हिशेब या गप्प राहण्यावरच चालतो.

गंमत अशी की ई-२ व्हिसावाला माणूस स्वतंत्र व्यावसायिक होऊच शकत नाही. त्याचा व्हिसा एका ठिकाणाशी बांधलेला असतो आणि परवानगीशिवाय दुसरीकडे तासभरही शिकवलं तर तो गुन्हा ठरतो. वेळापत्रक मालकाचं, पुस्तकं मालकाची, वर्गात मालकाचा कॅमेरा, सुट्टी मालकाला विचारून. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हागवॉनच्या शिक्षकांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: कराराला नाव काय दिलं यापेक्षा काम प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात चालतं ते पाहायचं. कर कसा कापला आणि विमा काढला की नाही, या गोष्टी मालक आपल्या वरचढपणाच्या जोरावर ठरवू शकतो, म्हणून तेवढ्यावरून कुणाचा कामगार हा दर्जा नाकारायचा नाही.

तेव्हा ३.३ टक्के कापले म्हणून हक्क गेला असं होत नाही. पण तो मिळवण्यासाठी पुरावे लागतात, आणि ते नोकरी चालू असतानाच गोळा करायचे असतात. या शिक्षिकेकडे होतं ते असं: दर महिन्याचं छापील वेळापत्रक, वॉनजांगचे काकाओटॉक या संदेश-ॲपवरचे संदेश (‘उद्या ११:३० ला या, पालकसभा आहे’ या प्रकारचे), बँकेच्या पासबुकात दर महिन्याच्या १० तारखेला जमा झालेली तीच रक्कम, आणि भिंतीवर चिकटवलेल्या नियमांच्या कागदाचा फोटो. काकाओटॉकची पूर्ण गप्पा-फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवता येते. ती शेवटच्या महिन्याआधीच पाठवून ठेवावी. फोन बदलला, खातं बंद झालं की मागचं काही हाती लागत नाही.

जानेवारीतला कागद

१३ जानेवारी २०२५, सोमवार. वॉनजांगने चहाला बोलावलं. बोलणं गोड होतं: हिवाळी वर्ग ३१ जानेवारीला संपतात, पुढे मुलं कमी आहेत, तुम्हीही लवकर मोकळ्या व्हा, विमानाचं तिकीट आम्ही देतो. सोबत कोरियन भाषेतला एक पानी कागद, खाली सहीची जागा. तो साजिकसॉ होता, म्हणजे राजीनामा.

३१ जानेवारीपर्यंत धरले तर ३३७ दिवस होतात. कोरियात नोकरी संपतानाची रक्कम, तिकडचा शब्द थ्वेजिकगम, सलग एक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते. आठवड्याला सरासरी १५ तास तरी काम असलं पाहिजे. ३३७ दिवसांना शून्य. अकराव्या महिन्यात शिक्षकाला घालवण्याची ही रीत इतकी जुनी आहे की परदेशी शिक्षक एकमेकांना पहिल्याच भेटीत तिची ताकीद देतात.

पण मालकाने स्वतःहून काढलं तर गणित उलटतं. काढण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती न दिल्यास ३० दिवसांचं साधारण वेतन भरावं लागतं, आणि हा नियम पाचांहून कमी माणसांच्या हागवॉनलाही लागू आहे. मुख्य अपवाद तीन महिन्यांपेक्षा कमी काम केलेल्यांचा. १३ ते ३१ जानेवारी म्हणजे १८ दिवस. इथे पाचांहून जास्त माणसं कामाला होती, त्यामुळे शिक्षिका तीन महिन्यांच्या आत प्रादेशिक कामगार संबंध आयोगाकडे अन्यायाने काढल्याची तक्रारही करू शकली असती. राजीनाम्यावर सही झाली की मात्र हे दोन्ही रस्ते बंद होतात. कागदावर ती स्वतः गेलेली असते.

तिने सही केली नाही, वादही घातला नाही. कागदाचा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी काकाओटॉकवर दोन ओळी लिहिल्या, इंग्रजीत आणि खाली भाषांतर-ॲपवरून काढलेल्या कोरियनमध्ये: ‘माझा करार २८ फेब्रुवारीपर्यंत आहे. मी तोपर्यंत काम करणार आहे आणि राजीनामा देत नाहीये.’ अशा दोन ओळी वकिलाच्या पानभर पत्रापेक्षा जास्त कामाच्या असतात, कारण त्यावर तारीख आणि वेळ उमटलेली असते आणि समोरच्याने वाचल्याची खूणही. आठवडाभराने वॉनजांगने विषय सोडून दिला.

दिवस मोजण्याचं भांडण

मार्चच्या सुरुवातीला दुसरा मुद्दा निघाला. १ मार्च हा कोरियात स्वातंत्र्य चळवळीच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस. २०२४ साली तो शुक्रवारी आला, मग शनिवार-रविवार, आणि वर्ग सोमवारी ४ मार्चला सुरू झाले. वॉनजांग म्हणाला, तुमचं काम ४ तारखेपासून, म्हणून ३६२ दिवस, वर्ष भरलंच नाही.

हा दावा ऐकायला पोरकट वाटतो, पण तो टिकलाही असता. करारात ‘४ मार्च ते २८ फेब्रुवारी’ असं छापलेलं असतं तर तीन दिवसांनी सगळी रक्कम हातची गेली असती. मार्चमध्ये सुरू होणारा करार हाती आला की सर्वात आधी या दोन तारखा मोजायच्या, पगार नंतर वाचायचा. इथे करारात १ मार्च होतं. शिवाय तोच करार व्हिसासाठी इमिग्रेशनला दिलेला होता, त्यामुळे वॉनजांगला दुसरी प्रत पुढे करण्याची सोय उरली नव्हती.

रक्कम किती

बहुतेक मालक, आणि बहुतेक शिक्षकही, असा हिशेब करतात: शेवटच्या तीन महिन्यांचा पगार भागिले त्या महिन्यांचे दिवस, गुणिले ३०. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून ९० दिवस, ७२ लाख भागिले ९० म्हणजे रोजचे ८०,०००, गुणिले ३० म्हणजे २४ लाख. एक वर्षाला एक पगार, सरळ.

इथे एक पायरी सुटते. कोरियाच्या कामगार कायद्यात असं आहे की ही सरासरी मजुरी रोजच्या साधारण मजुरीपेक्षा (म्हणजे ठरलेल्या पगारातून ठरलेल्या तासांवर काढलेल्या मजुरीपेक्षा) कमी भरली, तर साधारण मजुरी धरायची. आठवड्याला ४० तास असतील तर पगारी साप्ताहिक सुट्टी धरून महिन्याचे २०९ तास मानतात. २४ लाख भागिले २०९ म्हणजे तासाला ११,४८३ वॉन, आठ तासांचे ९१,८६६. हे ८०,००० पेक्षा जास्त आहे. म्हणून ९१,८६६ गुणिले ३०, म्हणजे २७,५५,९८० वॉन. साडेतीन लाखांहून जास्त फरक, आणि तो ठरावीक पगारावरच्या जवळपास प्रत्येक पूर्णवेळ शिक्षकाला लागू होतो. कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या गणकात साधारण मजुरीचा वेगळा रकाना आहे. तो रिकामा सोडला की उत्तर २४ लाख येतं, आणि लोक ते खरं मानून बसतात.

ज्यांच्या करारात ‘थ्वेजिकगम मासिक पगारातच धरलेली आहे’ असं लिहिलेलं असतं, त्यांनी घाबरू नये. असा करार सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निरर्थक ठरवला आहे. मात्र दरमहा वेगळी दाखवून खरोखर दिलेली रक्कम मालक परत मागू शकतो, आणि थ्वेजिकगमच्या अर्ध्यापर्यंतच ती वळती करून घेऊ शकतो. चिठ्ठीवर वेगळी रक्कम दाखवली होती का, हे त्यासाठी पाहावं लागतं.

सुट्ट्यांचा दावा मात्र तिने सोडून दिला. पहिल्या वर्षात पूर्ण हजेरीच्या प्रत्येक महिन्याला एक, अशा ११ पगारी रजा मिळतात. तिने ४ घेतल्या, ७ उरल्या, त्यांचे पैसे ६ लाख ४० हजारांच्या आसपास. कायद्याने हागवॉन बंद असल्याचे दिवस रजेत धरायचे तर कामगार प्रतिनिधीशी लेखी करार लागतो, आणि इथे तो नव्हता. पण तिने सही केलेल्या करारातच ते दिवस रजा म्हणून लिहिलेले होते. वाद जिंकता आला असता, पण त्यापायी मुख्य रकमेची तक्रार लांबली असती. ‘वर्ष झालं, आता आणखी १५ रजा मिळतील’ असंही काही जण सांगतात, तेही खोटं. बरोबर एक वर्षाच्या कराराला ११ च, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरवलं. पुढच्या १५ साठी ३६६ वा दिवस कामावर असायला लागतो.

खोली रिकामी करणं

खोली मालकाच्या नावावर, त्यामुळे नोकरीबरोबर तीही सोडावी लागते. पहिल्या दोन पगारांतून ५ लाख वॉन अनामत म्हणून कापलेले होते. इथले पैसे हमखास अडकतात, कारण ‘फेब्रुवारीची बिलं मार्चअखेर येतात, तेव्हा बघू’ असं सांगितलं जातं. तोवर माणूस विमानात बसलेला असतो.

उपाय असा की बिलांची वाटच पाहायची नाही, जाण्याच्या दिवशीच हिशेब मिटवायचा. शहर गॅस कंपनीला दोन-चार दिवस आधी फोन करून मीटरवाचन आणि अंतिम हिशेबाची वेळ घ्यावी. विजेचा हिशेब विद्युत कंपनीच्या १२३ क्रमांकावर मीटरचा आकडा सांगून होतो. पाणी आणि इमारतीचा देखभाल खर्च व्यवस्थापन कार्यालयातून त्या दिवसापर्यंतचा काढून घ्यावा. त्या वर्षी एक अडचण होती: २८ फेब्रुवारीला शुक्रवार, १ मार्चला शनिवार, आणि सुट्टी शनिवारी आल्यामुळे सोमवारी ३ मार्चला बदली सुट्टी. तीन दिवस कुणीच येणार नव्हतं. तिने गॅसवाल्याला २८ ला सकाळी दहाची वेळ दिली, पैसे तिथेच भरले आणि पावतीचा फोटो वॉनजांगला पाठवून कामावर गेली. हिवाळ्यातलं गॅसचं बिल वर्षातलं सर्वात मोठं असतं, कारण जमिनीखालून गरम पाणी फिरवून खोली तापवतात. हा आकडा मालकाच्या अंदाजावर सोडू नये.

दुसरं निमित्त बुरशीचं. जमीन ऊबदार, बाहेरची भिंत गार, कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं आणि कपडे खोलीतच वाळत घातलेले, की डिसेंबर-जानेवारीत कपाटामागे वॉलपेपर काळा पडतो. वॉनजांगने नव्या वॉलपेपरचे ३ लाख मागितले. भिंतच ओल धरत असेल तर खर्च घरमालकाचा, हवा न खेळवल्यामुळे झालं तर राहणाऱ्याचा, आणि दोन्ही सिद्ध करणं कठीण. तिच्याकडे राहायला आल्या दिवशीचे फोटो होते. त्यात त्याच कोपऱ्यात जुना डाग दिसत होता. मागणी मागे घेतली गेली आणि ५ लाखही परत आले. हे फोटो नसते तर ३ लाख गेले असते, एवढं सरळ आहे. खोली ताब्यात घेताना कपाट ओढून त्यामागचा फोटो काढणं आणि मग ते भिंतीपासून हातभर दूर ठेवणं, ही पहिल्या दिवसाची कामं आहेत.

गादी, खुर्ची, कपड्यांचा स्टँड असल्या मोठ्या वस्तूंना वस्तीच्या प्रशासकीय केंद्रातून स्टिकर विकत घ्यावा लागतो. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा, साधारण काही हजार वॉन. स्टिकरशिवाय टाकलेल्या वस्तूचा माग कॅमेऱ्यावरून लागतो आणि दंड होतो, म्हणजे पुन्हा मालकाच्या हाती एक कारण.

तक्रार

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत पगार आणि थ्वेजिकगम मिळायला हवी. म्हणजे १४ मार्च, शुक्रवार. त्याआधी कामगार कार्यालय ऐकून घेतं, पण तक्रार नोंदवायला काही आधार नसतो. १५ व्या दिवसापासून थकीत रकमेवर वर्षाला २० टक्के व्याज चढतं. इथे ते रोजचे १,५१० वॉन.

तिने सोमवारी १७ मार्चला तक्रार दिली. ती ऑनलाइन किंवा कार्यालयाच्या खिडकीवर देता येते. अर्जात मालकाचं नाव, हागवॉनचा पत्ता, नोकरीच्या तारखा, मागायची रक्कम आणि ती कशी काढली ते लिहायचं असतं. व्यवसाय नोंदणी क्रमांक मागितला जातो आणि तिथे बरेच जण अडतात. तो दहा अंकी क्रमांक हागवॉनच्या कार्ड-पावतीवर छापलेला असतो. फी घेतानाची कुणा पालकाची पावती असली तरी चालते. भाषेची अडचण असेल तर कामगार मंत्रालयाचा १३५० आणि इमिग्रेशनचा १३४५ या क्रमांकांवर परकीय भाषांत माहिती मिळते.

चौकशीची मुदत सुट्ट्या सोडून २५ दिवस, आणि ती वाढवता येते. व्हिसा ३१ मार्चला संपत होता. म्हणजे तक्रार बरोबर, रक्कम बरोबर, पण निकाल लागेपर्यंत माणूस देशातच नाही, ही सर्वात सामान्य हार. तिने २४ मार्चला डी-१० या नोकरी-शोधाच्या व्हिसासाठी अर्ज केला. फी एक लाख वॉन, नव्या कार्डाचे पैसे वेगळे, सोबत खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा. त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि सुवॉनसारख्या शहरात ती आठवडे-आठवडे मिळत नाही. म्हणून तिने ती फेब्रुवारीतच घेऊन ठेवली होती. डी-१० वर नोकरी करता येत नाही. पगार थकल्याच्या तक्रारीसाठी थांबणाऱ्यांना जी-१ हा दुसरा पर्याय असतो. ज्यांना जायचंच आहे त्यांनी परवानाधारक कामगार सल्लागाराला, तिकडे नोमुसा म्हणतात, लेखी अधिकारपत्र देऊन जावं. तो रकमेतून टक्के घेतो, पण बुडण्यापेक्षा ते बरे.

राहायला गोशिवॉन. आठ-दहा चौरस मीटरची खोली, महिन्याला ४ लाखांच्या आसपास, अनामत नाही, सामाईक स्वयंपाकघरात भात आणि किमची फुकट. नवा पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो, नाहीतर दंड. दोन-तीन महिन्यांचा हा खर्च आणि मिळायची रक्कम यांची तुलना आधीच करावी. १० लाखांच्या दाव्यासाठी तीन महिने थांबणं परवडत नाही, २७ लाखांसाठी परवडतं.

पहिली भेट ३ एप्रिलला. कामगार निरीक्षकासमोर दोघं समोरासमोर. वॉनजांगने ‘ती स्वतंत्र व्यावसायिक आहे, बघा, ३.३ टक्के’ असं म्हटलं. निरीक्षकाने प्रश्न विचारले: वेळ कोण ठरवायचं, उशीर झाला तर काय व्हायचं, आजारी पडल्यावर दुसरी शिक्षिका कोण पाठवायचं, पुस्तकं कुणाची. वेळापत्रकं आणि संदेश टेबलावर आले. बाहेर आल्यावर वॉनजांगने १५ लाखांवर मिटवू म्हटलं. रक्कम आज खात्यात, फक्त तक्रार मागे घेतल्याचा कागद आधी.

तो कागद पैसे खात्यात दिसल्याशिवाय देऊ नये, ही इथली सर्वात महत्त्वाची गोष्ट. मजुरी थकवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड. पण कामगाराने ‘शिक्षा नको’ म्हटलं की खटला चालत नाही. मालकावरचा दबाव त्या एका कागदात असतो. दिला की गेला. नंतर मालकाने पैसे दिले नाहीत तर उरतो तो दिवाणी दावा. तिने १५ लाख नाकारले. १७ एप्रिलला दुसऱ्या भेटीनंतर निरीक्षकाने रक्कम भरण्याचा आदेश काढला आणि ३० एप्रिलला २७,५५,९८० वॉन, किरकोळ निवृत्ती-कर वजा होऊन, जमा झाले. थ्वेजिकगम ३० लाखांहून कमी होती म्हणून ती वेगळ्या निवृत्ती-खात्यात न घालता नेहमीच्या खात्यात घेता आली. व्याजाचे सुमारे ७१ हजार वॉन कामगार कार्यालय वसूल करून देत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय. तिने ते सोडले.

मालकाने भरलंच नसतं तर निरीक्षकाकडून थकबाकीचं प्रमाणपत्र घेऊन सरकारी निधीतून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळवता येते. थ्वेजिकगमसाठी ती मर्यादा ७० लाख वॉन आहे. कमी पगाराच्या कामगारांना कायदेविषयक साहाय्य महामंडळाचा (फोन १३२) फुकट वकीलही मिळतो.

निवृत्तिवेतन: फायदा आणि खड्डा

कामगार ठरल्यावर निवृत्तिवेतन मंडळाकडे मागच्या तारखेपासून नोंदणी मागता येते. १२ महिन्यांचे ९ टक्के म्हणजे २५,९२,००० वॉन. त्यातला अर्धा, १२,९६,०००, तिचा स्वतःचा वाटा. सगळी रक्कम मालकाकडून मागितली जाते आणि मालक तिच्याकडून तिचा वाटा मागतो. तो बँकेतून द्यावा आणि ‘निवृत्तिवेतनाचा कामगार-वाटा’ असं लिहून घ्यावं. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना देश सोडताना दोन्ही वाटे व्याजासह परत मिळतात. भारताचा कोरियाशी २०११ पासून सामाजिक सुरक्षा करार आहे, म्हणून भारतीय नागरिकांनाही मिळतात. ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंडवाल्यांना परतावा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांची वर्गणीच कापत नाहीत. ब्रिटिश पासपोर्टवाल्याने हा खटाटोप करण्यात काही अर्थ नाही.

खड्डा आरोग्य विम्याचा. नोकर म्हणून नोंद नसल्यामुळे सहा महिन्यांनंतर ती आपोआप स्थानिक गटात (म्हणजे सगळा हप्ता स्वतःच भरणाऱ्यांच्या गटात) गेली होती आणि महिन्याला दीड लाखांच्या आसपास भरत होती, सहा महिन्यांचे नऊ लाख. मागच्या तारखेची नोंदणी झाली की हे नऊ लाख परत मिळतात, पण बारा महिन्यांचा तिचा कामगार-वाटा, ११ लाख ५३ हजार, द्यावा लागतो. म्हणजे अडीच लाख जास्त. कराचं मात्र भलं होतं: २०२४ च्या दहा महिन्यांचे ७,९२,००० वॉन ३.३ टक्क्यांनी कापलेले असतात. ते मेमध्ये विवरणपत्र भरून बहुतांशी परत मिळतात.

परताव्याचा अर्ज निवृत्तिवेतन मंडळाच्या शाखेत: पासपोर्ट, परदेशी नोंदणी कार्ड, बँकेचं पासबुक आणि महिनाभराच्या आतलं विमानाचं तिकीट. इंचॉन विमानतळावर रोख परकीय चलनात घ्यायचं तर शाखेतच तसं सांगावं लागतं. उड्डाण कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत असायला हवं, पहाटेच्या विमानाला ती सोय नसते. आधी मंडळाच्या विमानतळ खिडकीवर कागद घ्यायचा, मग पासपोर्ट तपासणी, आणि पैसे आतल्या बँकेत. तिने ते टाळून कॅनडातल्या खात्यात वर्ग करून घेतले. वेळ जास्त लागतो, पण रांगेत विमान चुकत नाही.

नोंदणी कार्ड निघताना विमानतळावर जमा करावं लागतं. कोरियन फोन क्रमांक मात्र परताव्याचे पैसे आणि कराचा परतावा येईपर्यंत बंद करू नये. बँकेचं ॲप, करखात्याचं संकेतस्थळ, सगळं त्याच क्रमांकावर ओळख तपासतं. स्वस्त प्रीपेड योजनेवर टाकून दोन-तीन महिने चालू ठेवला तरी पुरतं.